तोडल्यानंतर

ऊस तोडला की मेला, असं शेतात म्हणतात.
प्रयोगशाळेत आम्ही तसं म्हणत नाही.
बुडख्याला कोयता लागून सव्वीस तास झालेत,
वाढं सुकून दोरी झालीय,
आणि आत, पेराच्या अंधारात,
विकर अजून कामावर आहेत.
शिफ्ट सुटल्याचा भोंगा त्यांना ऐकू जात नाही.

संकेश्वरच्या अलीकडे, हिरण्यकेशीच्या काठी
आमचा कारखाना. मी रस तपासते.
नळीत रस, रसातून उजेड,
उजेड किती वळला ते वहीत.
काल वळला त्याहून आज कमी.
साखरेची जोडी सुटतेय:
द्राक्षशर्करा इकडं, फळशर्करा तिकडं.
गोडी कुठं जात नाही, जिभेला उलट जास्तच,
पण पोत्यात भरायला दाणा धरत नाही.

"मग बिघडलं काय?" दुंडाप्पा विचारायचा.
दुंडाप्पा म्हणजे काट्यावरचा माणूस.
हुक्केरीच्या ड्रायव्हरशी कन्नडात,
गडहिंग्लजच्या ड्रायव्हरशी मराठीत,
माझ्याशी दोन्हीची एक मोळी बांधून:
"बर्री, बर्री बाई, च्या घ्या."

त्याला विकर समजावला तो त्याच्याच काट्यावर.
म्हटलं, तुम्ही ऊस ओढत नाही, खात नाही.
गाडी येते, फळीवर बसते,
आकडा पडतो, पावती फाटते, गाडी जाते.
तुम्ही होता तसेच. पुढची.
रांग नदीच्या पुलापर्यंत गेली
तरी काटा एका वेळी एकच गाडी घेणार,
मुकादमानं कितीही शिव्या घालू देत.
"दुसरा काटा बसवाय पाहिजे."
बरोबर. विकर वाढवायला पाहिजेत.
"आणि परवा ती विटांची ट्रॉली
रांगेत घुसून काट्यावरच बंद पडली, ती?"
तेही असतं आत. सारख्या मापाचं,
बिनकामाचं काहीतरी जागा अडवून बसतं.
तो हसला, "म्हंजे आत पण आमचंच गाव हाय की."

जानेवारीत दोन दिवसांचा ऊसही बरा निघायचा.
थंडीत विकर मरत नाहीत, आळसावतात.
मार्चात एकेक अंश चढला की त्यांना घाई सुटते.
त्या वर्षी बंद झाला, टायर जळाले,
कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडल्या.
नाक्याच्या दोन्ही अंगांचा ऊस
सारख्याच वेगानं फुटला.

आम्ही रसात चुना घालतो, आंबटपणा उतरवतो,
मग उकळीपर्यंत नेतो. तिथं विकराचं काम संपतं.
जळत नाही तो. उलगडतो.

हे दुंडाप्पाला पटेना.
"माल सगळा हाय तितंच, मग काम का करंना?"
मी त्याच्या डोक्याकडं बोट केलं.
तांबडा पटका, आरशाशिवाय बांधलेला,
घडीवर घडी, उजव्या कानावर एक खोलगट वळण.
त्यात निपाणीची बिडी बसायची.
एकच. बरोब्बर.
म्हटलं, सोडा पटका. एक सूत कमी होणार नाही.
बिडी कुठं ठेवाल?

एप्रिलात, गाळप बंद व्हायला तीन दिवस असताना,
ऊन लागून तो केबिनमध्ये बसल्या जागी कलंडला.
मी बेळगावला दवाखान्यात गेले.
ओळखलं त्यानं. बोलला, दोन्ही भाषांत,
पण शब्द एकमेकांत शिरत नव्हते पूर्वीसारखे.
उशाशी कापड होतं. त्यानं बोटांवर घेतलं,
एक घडी घातली, थांबला.
सून म्हणाली, "मी बांधू का मामा?"
मान हलवून नको म्हणाला,
आणि कापड छातीवर तसंच पसरून राहिलं.

परतीच्या बसमध्ये मला ते आठवलं
जे त्याला सांगायचं राहून गेलं होतं:
काही विकर, फार तापले नसतील तर,
गार झाल्यावर आपली आपण घडी धरतात.
सगळे नाही.
कोणते, ते वहीत कुठंतरी लिहिलेलं आहे.
यमकनमर्डीपर्यंत मी पानं उलटत होते.